रिंगमधून आलेला हात

सॉल्ट लेक सिटी, १८ मार्च २०१७. कॉलेज बास्केटबॉलचा सामना संपायला ४ मिनिटं ५७ सेकंद उरलेली. गोंझागा ६३, नॉर्थवेस्टर्न ५८. एका क्षणी नॉर्थवेस्टर्नची मुलं २२ गुणांनी मागे होती. तिथून एकेक बास्केट करत ती इथवर पोचली होती. आता चेंडू रिंगपाशी डेरेक पार्डनच्या हाती आला. तो उडाला, चेंडू रिंगच्या काठाशी नेला, आणि नेमक्या त्याच वेळी गोंझागाच्या झॅक कॉलिन्सचा हात खालून, जाळीच्या आतून, रिंगमधून वर आला. चेंडू त्या हाताला लागून बाहेर उडाला.

बास्केटबॉलमध्ये हे चालत नाही. रिंगमधून खालून हात घालून चेंडू अडवला, तर बास्केट झाली असं धरून २ गुण द्यायचे, इतका साधा नियम आहे. कोर्टवर तीन पंच होते. तिघांपैकी एकाचीही शिट्टी वाजली नाही आणि खेळ पुढे सरकला.

नॉर्थवेस्टर्नचे कोच ख्रिस कॉलिन्स (झॅकशी आडनाव सारखं, नातं काही नाही) बेंचपाशी उभे होते. त्यांनी तो हात पाहिला होता. दोन्ही हात वर करून, ओरडत ते थेट कोर्टमध्ये धावत गेले. आता मात्र शिट्टी वाजली, ती त्यांच्याविरुद्ध. टेक्निकल फाऊल. गोंझागाच्या नायजेल विल्यम्स-गॉसने दोन्ही फ्री थ्रो टाकले. ६३-६० व्हायचं ते ६५-५८ झालं. सामना ७९-७३ असा गोंझागाने जिंकला.

सामन्यानंतर एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मध्यवर्ती संस्था, हिने जाहीर केलं की पंचांची चूक झाली. गोंझागाच्या खेळाडूने नियम मोडला होता. वरातीमागून घोडं आलं, पण स्कोअरबोर्ड जसा होता तसाच राहिला. टेक्निकलचे २ गुणही राहिले.

या अंकाचा विषय 'दाद' आहे. दाद द्यायची असते तशी मागायचीही असते, आणि ती मागायला एक दार लागतं. सॉल्ट लेक सिटीत त्या दिवशी ख्रिस कॉलिन्स बरोबर होते, पण त्यांच्यासमोर दारच नव्हतं. कोर्टमध्ये शिरण्याची किंमत त्यांनी एका पैशानेही भरली नाही. ती भरली वीस-एकवीस वर्षांच्या मुलांनी.

आणि मुलं कुठली? नॉर्थवेस्टर्नची. कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचा पहिला अंतिम सामना १९३९ मध्ये याच विद्यापीठाच्या इव्हन्स्टन इथल्या पॅटन जिममध्ये झाला होता. ज्यांच्या अंगणात ही स्पर्धा रुजली, त्यांना स्वतःला तिच्यात पाऊल टाकायला २०१७ साल उजाडलं. त्या पहिल्याच प्रवासाचा शेवट असा झाला.

एकट्याने उभं राहून टाकायचा फ्री थ्रो

साधा फाऊल खेळाच्या ओघात होतो. कुणी धक्का दिला, हातावर फटका मारला, की समोरच्याला फ्री थ्रो मिळतो. तेव्हा दोन्ही संघांचे खेळाडू रिंगखाली दोन ओळींत उभे राहतात, म्हणजे चुकलेला चेंडू पकडता यावा. टेक्निकल फाऊलचा फ्री थ्रो वेगळा दिसतो. त्या वेळी दोन्ही ओळी रिकाम्या असतात. थ्रो टाकणारा एकटा उभा असतो, बाकीचे नऊजण मागे थांबून बघतात. खेळाशी संबंध नसलेल्या कारणासाठी खेळ थांबला आहे, हे त्या रिकाम्या जागेवरून कुणालाही कळतं.

कोचला टेक्निकल मिळण्याची कारणं बरीच आहेत: पंचाला उद्देशून अपशब्द, हावभाव, अंगावर धावून जाणं, आणि आखून दिलेल्या जागेबाहेर पडणं. बेंचसमोर कोचसाठी एक चौकट आखलेली असते. २०१७-१८च्या मोसमात तिची लांबी २८ फुटांवरून ३८ फूट केली गेली. कोचना आपल्या मुलांपर्यंत आवाज पोचवता यावा म्हणून वाढवलेले हे १० फूट. पुरुषांच्या स्पर्धेत टेक्निकलचे दोन वर्ग केले आहेत. गैरवर्तनाचा वर्ग वरचा, त्याला दोन फ्री थ्रो, आणि तसे दोन झाले की कोचने कोर्ट सोडून आत जायचं. किरकोळ चुकांचा वर्ग खालचा, त्याला एकच थ्रो.

जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला हा खेळ रचला, तेव्हा १३ नियमांत दोन पंचांची कामं वाटून दिली होती. एकाने माणसांकडे बघायचं आणि फाऊल मोजायचे, दुसऱ्याने चेंडूकडे बघायचं. कोच नावाचा माणूस त्या तेरा नियमांत कुठेच नाही. आज कॉलेज संघाचा सर्वांत जास्त पगार घेणारा, सर्वांत जास्त कॅमेरे ज्याच्याकडे वळतात असा माणूस तोच आहे. खेळात तो नंतर आला, आणि त्याला कोर्टबाहेर कसं ठेवायचं हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही.

लाल खुर्ची

कोचच्या रागाचं सर्वांत प्रसिद्ध दृश्य २३ फेब्रुवारी १९८५ चं आहे. ब्लूमिंग्टनचा असेम्ब्ली हॉल, इंडियाना विरुद्ध परड्यू. दोन शेजारी, जुनं वैर. सामना सुरू होऊन जेमतेम काही मिनिटं झाली होती. इंडियानाचे कोच बॉब नाइट यांच्या मते पंच एकामागून एक फाऊल त्यांच्याच मुलांना देत होते. ते तडकले, टेक्निकल मिळाला. परड्यूचा स्टीव्ह रीड फ्री थ्रोसाठी रेषेवर उभा राहिला. तेव्हा नाइट यांनी बेंचपाशची लाल प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि कोर्टवर भिरकावली. खुर्ची रीडच्या समोरून, लाकडी फरशीवरून घसरत पलीकडच्या कडेपर्यंत गेली. तीन टेक्निकल झाले, नाइट यांना बाहेर काढण्यात आलं, परड्यूने सामना ७२-६३ असा जिंकला. नंतर नाइट यांना एका सामन्याची बंदी झाली.

त्या दृश्याची चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली की नजर खुर्चीवरून सरकून रीडवर जाते. तो चेंडू हातात धरून थांबलेला आहे. आजूबाजूला हजारो माणसं ओरडत आहेत. मोठी माणसं काय करतात ते बघत एक कॉलेजचा मुलगा स्वतःचं काम करायची वाट पाहतो आहे.

नाइट यांचा हिशेब खुर्चीपाशी संपला नाही. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी इलिनॉयविरुद्ध पंच टेड व्हॅलेंटाइन यांनी त्यांना तीन टेक्निकल देऊन बाहेर काढलं. त्यानंतर नाइट यांनी पंचगिरीवर जे शब्द वापरले, त्यांबद्दल बिग टेन या विद्यापीठांच्या गटाने (कॉन्फरन्सने) त्यांना १०,००० डॉलर दंड केला. ९०२ विजय नावावर असलेला हा माणूस थोर कोच होता यात शंका नाही. पण 'रागावलेला कोच म्हणजे मुलांसाठी जीव टाकणारा कोच' ही समजूत पक्की करण्यात त्याचा वाटा मोठा, आणि त्या समजुतीने पुढच्या पिढ्यांचं नुकसान केलं.

डीन स्मिथ यांची गोष्ट याच्या अगदी उलट टोकाची. नॉर्थ कॅरोलायनाचे हे कोच संयमासाठी ओळखले जात. ३० मार्च १९९१, इंडियानापोलिस, राष्ट्रीय उपांत्य सामना. समोर कॅन्सस, आणि कॅन्ससचे कोच रॉय विल्यम्स, जे अनेक वर्षं स्मिथ यांचेच सहायक होते. ३५ सेकंद उरली असताना स्मिथ यांचा एक खेळाडू फाऊल भरून बाहेर गेला. बदली खेळाडूला स्कोअररच्या टेबलाकडे नेताना स्मिथ चौकटीबाहेर गेले, पंच पीट पाव्हिया यांच्याकडे किती वेळ आहे याची विचारणा करत. पाव्हिया यांनी दुसरा टेक्निकल दिला. स्मिथ बाहेर. जाताना त्यांनी कॅन्ससच्या बेंचकडे जाऊन हात मिळवले आणि मग आत गेले. कॅन्ससने ७९-७३ असा सामना जिंकला. शिट्टीची ही घटना कॉलेज बास्केटबॉलमध्ये आजही आठवली जाते, कारण नियमाच्या शब्दाप्रमाणे पंच चुकले नव्हते आणि तरीही ते योग्य वागले असं म्हणणारे फार थोडे सापडतात.

चार्ज की ब्लॉक

कोच तडकण्याचं सर्वांत मोठं निमित्त एकच निर्णय असतो. चेंडू घेऊन रिंगकडे झेपावणारा खेळाडू आणि वाटेत उभा असलेला बचावपटू यांची टक्कर होते. दोघेही पडतात. बचावपटू आधीच जागा धरून उभा असेल तर फाऊल हल्लेखोराचा, तो 'चार्ज'. तो उशिरा सरकला असेल तर फाऊल त्याचा, तो 'ब्लॉक'. हा 'आधी' आणि 'उशिरा' यांतला फरक सेकंदाच्या किरकोळ तुकड्याचा असतो. पंचाने त्यात बघायचं काय काय? बचावपटूचे पाय, त्याची छाती, हल्लेखोराचा शेवटचा टेकलेला पाय, चेंडू, आणि रिंगखालची अर्धवर्तुळाची रेषा, कारण तिच्या आत उभ्या असलेल्या मदतनीस बचावपटूला चार्ज मिळत नाही. हे सगळं एका नजरेत, धावता धावता.

त्यात नियमच वारंवार बदलतो. २०१३-१४ मध्ये ठरलं की हल्लेखोराने चेंडू घेऊन वर झेपावायला सुरुवात करण्याआधी बचावपटू जागेवर हवा. २०२३-२४ मध्ये ठरलं की उडण्यासाठी त्याने पाय रोवला त्या क्षणी बचावपटू जागेवर हवा. कागदावर एका ओळीचा फरक. कोर्टवर मात्र पंचांना वर्षानुवर्षं मुरलेली नजर मोडून नवी बसवावी लागते.

२२ फेब्रुवारी २०१४ ला ड्यूकच्या कॅमेरन इनडोअर स्टेडियममध्ये हेच झालं. तीन आठवड्यांपूर्वी सिराक्यूजच्या डोममध्ये ३५,४४६ प्रेक्षकांसमोर सिराक्यूजने ड्यूकला जादा वेळेत ९१-८९ असं हरवलं होतं, म्हणून या परतफेडीकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. १०.४ सेकंद उरलेली, ड्यूक ६०-५८ पुढे. सिराक्यूजचा सी. जे. फेअर बरोबरीसाठी बेसलाइनने रिंगकडे घुसला आणि ड्यूकच्या रॉडनी हूडशी त्याची टक्कर झाली. पंच टोनी ग्रीन यांनी चार्ज दिला. सिराक्यूजचे कोच जिम बोहाइम यांच्या अंगातला कोट खांद्यावरून निसटेपर्यंत ते हातवारे करत पंचापर्यंत गेले. दोन टेक्निकल, बाहेर. ३८ वर्षांच्या कारकिर्दीत नियमित मोसमातल्या सामन्यातून हाकललं जाण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. ड्यूकला चार फ्री थ्रो मिळाले. सामना ६६-६० असा संपला.

नव्या नियमाप्रमाणे तो चार्ज होता की ब्लॉक, यावर आजही वाद घालणारे आहेत. पण दहा सेकंद आणि २ गुण हा बास्केटबॉलमध्ये हरलेला सामना नसतो. समोरच्याचा एक फ्री थ्रो चुकतो, एक तीन गुणांची बास्केट पडते. बोहाइम यांच्या मुलांकडे तेवढी आशा होती, आणि ती पंचाच्या शिट्टीनंतरही शिल्लक होती. ती संपवली त्यांच्या कोचने.

कोचचं यावर एक ठरलेलं उत्तर असतं: टेक्निकल घेतला की मुलं पेटून उठतात, आणि पुढचा निर्णय आपल्या बाजूने लागतो. दाखला म्हणून केंटकीच्या जॉन कॅलिपारी यांचं उदाहरण देता येईल. १३ फेब्रुवारी २०१६ ला साउथ कॅरोलायनाविरुद्ध सामन्याला २ मिनिटं २६ सेकंद झाली असतानाच ते हाकलले गेले, आणि केंटकीने ८९-६२ असा विजय मिळवला. पण ज्या दिवशी संघ इतका सरस असतो, त्या दिवशी कोचच्या रागाला श्रेय देणं ही त्या मुलांच्या खेळाची उपेक्षा आहे.

'पुढचा निर्णय आपल्या बाजूने' या म्हणण्यात मात्र काही तथ्य दिसतं. काइल अँडरसन आणि डेव्हिड पिअर्स या दोन अभ्यासकांनी २००४-०५ च्या मोसमातले ३६५ कॉलेज सामने तपासले. एका संघाचे फाऊल जास्त झाले की पुढचा फाऊल दुसऱ्या संघाला मिळण्याची शक्यता वाढते, हे त्यांना आढळलं. पाहुण्या संघाला आणि आघाडीवरच्या संघाला फाऊल जास्त मिळतात, हेही. कोच सतत 'आमचे सात, त्यांचे तीन' असं ओरडत असतात ते उगाच नाही. तराजू समान ठेवायची ओढ माणसाच्या मनातच असते आणि पंच माणूस असतो.

शिट्टीमागचा माणूस

हा पंच कोण असतो? विद्यापीठांच्या वरच्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक संघ आहेत आणि ते वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये विभागलेले आहेत. पंच कुणाच्याही कायम नोकरीत नसतात. ते कंत्राटी, सामन्यागणिक मानधन घेणारे. आज एका राज्यात सामना, उद्या दुसऱ्या. रात्रीचं विमान, सकाळचं विमान. अनेकांचा पोटापाण्याचा मूळ व्यवसाय वेगळाच असतो.

कोर्टवर तिघे जागा वाटून घेतात. एक रिंगखाली बेसलाइनवर, एक मागे, एक बाजूला. चेंडू पलीकडे गेला की तिघांच्या जागा बदलतात. बेसलाइनवरचा पंच रिंगच्या अगदी जवळ असतो, पण त्याची नजर खालच्या धक्काबुक्कीवर असते. रिंगच्या वर काय झालं हे बघायचं काम मागच्या आणि बाजूच्या पंचाचं. म्हणजे घरी सोफ्यावर बसलेल्या माणसाला पडद्यावर ठसठशीत दिसलेला हात, सर्वांत जवळ असलेल्या पंचाला न दिसणं अगदी शक्य आहे.

चुकीच्या, किंवा लोकांना चुकीच्या वाटलेल्या, निर्णयांची किंमत पंचही भरतो. २६ मार्च २०१७ ला मेम्फिसमध्ये नॉर्थ कॅरोलायनाने केंटकीला ७५-७३ असं हरवलं. अखेरच्या क्षणी ल्यूक मेने टाकलेल्या बास्केटवर हा सामना सुटला. केंटकीच्या चाहत्यांचा राग पंच जॉन हिगिन्स यांच्यावर निघाला. हिगिन्स यांचा नेब्रास्कात छतं बसवण्याचा व्यवसाय आहे. ज्यांच्या घरावर त्यांनी कधी एक कौलही बसवलं नव्हतं, अशा लोकांनी त्यांच्या कंपनीबद्दल इंटरनेटवर वाईट अभिप्राय लिहिले. फोनवर फोन आले, धमक्या आल्या. हिगिन्स यांनी केंटकीतल्या एका क्रीडा-रेडिओ कंपनीवर दावा लावला. चाहत्यांना चिथावल्याचा त्यांचा आरोप होता. न्यायालयाने दावा फेटाळला आणि २०२० मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला: कार्यक्रमात बोललं गेलेलं भाषणस्वातंत्र्यात बसतं. कायद्याच्या अंगाने हे बरोबर असेल. पण दाद न मिळालेल्यांच्या यादीत हिगिन्स यांचं नावही घालावं लागतं.

न वाजलेली शिट्टी

६ एप्रिल २०१९, मिनियापोलिस, राष्ट्रीय उपांत्य सामना. ऑबर्न ६२, व्हर्जिनिया ६०. शेवटच्या सेकंदांत व्हर्जिनियाच्या टाय जेरोमने टप्पे देत असलेला चेंडू दोन्ही हातांनी उचलला आणि पुन्हा टप्पा दिला. शाळेतल्या मुलालाही ठाऊक असलेली चूक, डबल ड्रिबल. शिट्टी वाजली नाही, आणि व्हिडिओ पाहून ती नंतर देण्याची तरतूद नियमात नव्हती. त्यानंतर ०.६ सेकंद उरली असताना व्हर्जिनियाच्या काइल गायने तीन गुणांचा थ्रो टाकला आणि ऑबर्नच्या समीर डाउटीचा धक्का त्याला लागला. आता शिट्टी वाजली. गायने तिन्ही फ्री थ्रो टाकले. ६३-६२. दोन दिवसांनी व्हर्जिनिया विजेते झाले.

दुसरी शिट्टी बरोबर होती, पहिली वाजायला हवी होती. ऑबर्नचे कोच ब्रूस पर्ल यांनी सामन्यानंतर पराभवाचं खापर पंचांच्या डोक्यावर फोडलं नाही. त्यांच्या जागी नाइट असते तर काय झालं असतं याची कल्पना करता येते.

महिलांच्या स्पर्धेतही शिट्टीवरून असाच वाद झाला. ५ एप्रिल २०२४ ला क्लीव्हलँडमध्ये आयोवा आणि यूकॉन यांच्या उपांत्य सामन्यात ३.९ सेकंद उरली असताना यूकॉनच्या आलिया एडवर्ड्सला हलत्या स्क्रीनबद्दल फाऊल दिला गेला. स्क्रीन म्हणजे सहकाऱ्याला वाट मिळावी म्हणून बचावपटूच्या वाटेत उभं राहणं, आणि ते स्थिर राहूनच करायचं असतं. आयोवाने ७१-६९ असा सामना जिंकला. तो फाऊल नियमात बसत होता. मात्र तशाच हलत्या स्क्रीनवर पूर्ण सामन्यात कितीदा शिट्टी वाजत नाही, हे बघणाऱ्याला माहीत असतं. शेवटच्या चार सेकंदांत नियम पहिल्या मिनिटाइतकाच कडक हवा की पंचाने खेळाडूंच्या हाती निकाल सोडावा, यावर दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसं आहेत. या लेखाचं मत पहिल्या बाजूचं आहे, पण मग पहिल्या मिनिटातही तीच शिट्टी वाजायला हवी.

म्युनिकचा मुलगा

सॉल्ट लेक सिटीत कोर्टमध्ये धावत गेलेल्या ख्रिस कॉलिन्स यांच्या घरात या विषयाचा एक जुना धागा आहे. त्यांचे वडील डग कॉलिन्स.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा बास्केटबॉल संघ कॉलेजच्या मुलांचा होता. अंतिम सामना सोव्हिएत संघाशी. अमेरिका ४८-४९ मागे असताना इलिनॉय स्टेटच्या डग कॉलिन्सने चेंडू हिसकावला, तो रिंगकडे धावला आणि जोरात आपटला गेला. ३ सेकंद उरलेली. डोकं गरगरत असताना तो रेषेवर उभा राहिला आणि त्याने दोन्ही फ्री थ्रो टाकले. ५०-४९. दुसरा थ्रो टाकत असताना मध्येच भोंगा वाजला, तरी चेंडू आत गेला.

पुढे ती ३ सेकंद तीन वेळा खेळवली गेली. टाइमआऊट मागितला होता, असं सोव्हिएत बेंचचं म्हणणं होतं. आंतरराष्ट्रीय महासंघाचे महासचिव विल्यम जोन्स प्रेक्षकांतून खाली आले आणि घड्याळ मागे घ्यायला लावलं. एकदा भोंगा वाजला, अमेरिकेची मुलं नाचू लागली, पुन्हा खेळ मागे घेतला गेला. तिसऱ्या वेळी अलेक्झांडर बेलोव्हने लांबवरून आलेला चेंडू झेलून रिंगमध्ये टाकला. ५१-५०. ब्राझीलचे पंच रेनातो रिगेत्तो यांनी गुणपत्रिकेवर सही करायला नकार दिला. अमेरिकेची दाद पाच जणांच्या समितीपुढे गेली आणि ३ विरुद्ध २ मतांनी फेटाळली गेली. मुलांनी रौप्यपदकं घेतली नाहीत. संघाचे कप्तान केनी डेव्हिस यांनी तर मृत्युपत्रात लिहून ठेवलं की आपल्या पश्चात पत्नीने किंवा मुलांनीही ते पदक स्वीकारू नये.

वडिलांचे दोन फ्री थ्रो बरोबर होते आणि निकाल विरुद्ध गेला. पंचेचाळीस वर्षांनी मुलाचं म्हणणं बरोबर होतं आणि २ गुण विरुद्ध गेले.

एक हात वर करण्याचा हक्क

२०२५-२६ च्या मोसमापासून पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये कोचला पंचाच्या निर्णयाला आव्हान देता येतं. क्रिकेटमधल्या डीआरएसशी आपली ओळख जुनी आहे, ही त्याच जातीची व्यवस्था. चेंडू कुणाचा हात लागून बाहेर गेला, रिंगवर चेंडू अडवणं नियमाबाहेर होतं का, आणि मदतनीस बचावपटू रिंगखालच्या अर्धवर्तुळात होता का, एवढ्या गोष्टींवर कोच 'पुन्हा बघा' असं सांगू शकतो. आव्हान बरोबर ठरलं तर सामन्यात आणखी एक मिळतं. चुकलं तर पुन्हा मागता येत नाही.

यादी छोटी आहे. टाय जेरोमचा डबल ड्रिबल तिच्यात बसत नाही, एडवर्ड्सचा स्क्रीन बसत नाही. फेअर आणि हूड यांच्या टकरीत वेळेचा प्रश्न होता, रेषेचा नव्हता, त्यामुळे तीही बसत नाही. झॅक कॉलिन्सचा हात मात्र ज्या प्रकारात मोडतो, तो प्रकार यादीत आहे.

आणखी एक अट आहे. आव्हान द्यायला संघाकडे टाइमआऊट शिल्लक असावा लागतो. या खेळात ती गोष्ट कुणी विसरत नाही. ५ एप्रिल १९९३ ला न्यू ऑर्लिन्समध्ये अंतिम सामन्यात मिशिगन नॉर्थ कॅरोलायनापेक्षा २ गुणांनी मागे होतं, ११ सेकंद उरली होती. चेंडू घेऊन कोपऱ्यात अडकलेल्या ख्रिस वेबरने हातांनी टाइमआऊटची खूण केली. मिशिगनकडे एकही टाइमआऊट उरला नव्हता, आणि नसलेला टाइमआऊट मागणं म्हणजे टेक्निकल फाऊल. काही क्षण आधी वेबर चेंडू घेऊन चालला होता, ती शिट्टी पंचांकडून राहून गेली होती. ही मात्र वाजली. मिशिगनची मुलं मागे उभी राहिली, रिंगखालच्या दोन्ही ओळी रिकाम्या झाल्या, आणि नॉर्थ कॅरोलायनाचा डोनाल्ड विल्यम्स एकटा रेषेवर जाऊन उभा राहिला.